बर्फ राखाडी, खार काळपट: अंगणातल्या फोटोंची परत परत येणारी अडचण

मागच्या अंगणात बर्फ साचलेला असतो. कुंपणावरून खार उतरते किंवा झुडपाखालून ससा निघतो आणि तुम्ही फोटो घेता. पडद्यावर मात्र मळकट राखाडी बर्फ दिसतो आणि त्यावर एक काळपट आकृती. डोळ्यातली चमक नाही, मिशा नाहीत, अंगावरचे केस नाहीत. मग "बर्फात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वाढवा" हा सल्ला आठवतो, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्या उजेडात (एक्स्पोजरमध्ये) आपण हाताने भर घालायची. ती स्टॉपमध्ये मोजतात; एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड. +१.७ वर नेता आणि फोटो लख्ख येतो. दुसऱ्या दिवशी तेच अंगण, तीच खार, तेच +१.७. या वेळी बर्फाचा सगळा पोत उडालेला असतो. चार फोटोंनंतर तो पुन्हा राखाडी होतो.

सल्ल्यात चूक नाही, पण तो अर्धाच आहे. अडचण परत का येते हे त्यातून कळत नाही, आणि ते कळलं नाही तर दर हिवाळ्यात हेच चालू राहतं. म्हणून आधी कारण पाहू.

मीटर काय पाहतो

कॅमेऱ्याचं मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतं. समोर जे आहे ते सरासरीने मधल्या राखाडी छटेचं असणार, म्हणजे पडलेल्या उजेडाच्या साधारण १८ टक्के उजेड परत पाठवणारं असणार, असं ते गृहीत धरतं. गवत, माती, विटा, झाडाची साल यांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी जमतं. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के उजेड परत पाठवतो. मीटरला वाटतं की उजेड फार झाला, आणि ते एक्स्पोजर कमी करतं. हा फरक दोन स्टॉपांहून थोडा जास्त आहे. राखाडी बर्फ आणि काळपट खार ही दोन्ही लक्षणं याच एका कारणाची.

आता परत येण्याचं कारण. कॉम्पेन्सेशनचा आकडा स्वतंत्र नसतो. मीटरने जे उत्तर काढलं त्यात तो मिळवला जातो, आणि मीटरचं उत्तर फ्रेममध्ये बर्फ किती आहे त्यावर ठरतं. खार लांब आहे आणि नव्वद टक्के फ्रेम बर्फाची आहे, तेव्हा +१.७ बरोबर बसतं. तीच खार जवळ आली आणि तिच्या करड्या अंगाने अर्धी फ्रेम भरली की सरासरी आपोआप मध्यावर येते. आता तेच +१.७ बर्फ जाळून टाकतं, म्हणजे इतका उजळवतं की पोत उरत नाही. ती गडद कुंपणासमोर किंवा सूचिपर्णी झाडाच्या बुंध्याशी बसली, तर कॉम्पेन्सेशन शून्यावर असलं तरी बर्फ जळू शकतो. उजेड तोच आहे, बर्फ तोच आहे, खारही तीच आहे. बदलली फक्त चौकट. छोटे प्राणी क्षणभर एका जागी थांबत नाहीत, त्यामुळे चौकट सतत बदलते आणि तिच्याबरोबर फोटोही.

नव्या कॅमेऱ्यांतलं मल्टी-झोन मीटरिंग (फ्रेमचे भाग पाडून मोजणारं) दृश्य ओळखून ही चूक थोडी सावरून घेतं. माझ्या मते त्यामुळे गोंधळ वाढतोच, कारण कॅमेऱ्याने स्वतःहून किती सावरलं हे आपल्याला कळत नाही आणि त्यावर आपण आणखी किती वाढवायचं याचा अंदाज उरत नाही.

उपाय: सेटिंग उजेडाला बांधा, चौकटीला नाही

मॅन्युअल मोड, म्हणजे ज्यात एक्स्पोजर कॅमेरा नाही तर तुम्ही ठरवता. माझं मुख्य सांगणं एवढंच आहे. खारीवर पडणारा उजेड बदलत नाही तोपर्यंत एक्स्पोजर बदलायचं काही कारण नाही, मग ती फ्रेमच्या कोपऱ्यात असो की फ्रेमभर.

प्राणी यायच्या आधी तयारी करा. शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफ/ आकड्याने दाखवतात ते) कामाप्रमाणे ठरवा (त्याबद्दल पुढे लिहिलं आहे). आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवरून काढा. हे बऱ्याच जणांच्या हातून सुटतं: मोड मॅन्युअल असतो पण आयएसओ ऑटो असतो, म्हणजे मीटर मागच्या दाराने परत आत आलेलं असतं. मग मीटरिंग स्पॉटवर (फ्रेमचा छोटासा भागच मोजणारं) ठेवा आणि प्राणी जिथे येतो तिथल्याच, त्याच उजेडातल्या बर्फावर रोखा. मीटरची खूण +१.७ ते +२ च्या दरम्यान येईल असं एक्स्पोजर लावा. एक फोटो घ्या आणि हायलाइट अलर्ट (जळलेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू करून पाहा. बर्फाचे मोठे पट्टे लुकलुकत असतील तर एक तृतीयांश स्टॉप खाली या आणि पुन्हा पाहा. एखादा चमकता कणच लुकलुकत असेल तर तिथेच थांबा. आता प्राणी कुठेही जाऊ दे, सेटिंगला हात लावायचा नाही.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन सिस्टममध्ये, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटांच्या पायऱ्या पाडणाऱ्या पद्धतीत, हाच हिशेब आहे. मधली राखाडी छटा पाचव्या झोनमध्ये आणि पोत दिसणारा बर्फ सातव्या-आठव्या झोनमध्ये, म्हणजे दोन ते तीन स्टॉप वर. बर्फाला त्याच्या जागी बसवलं की करडी खार, तपकिरी ससा, लालसर चिपमंक (पट्ट्यांची छोटी खार) आपापल्या जागी आपोआप बसतात. त्यांना वेगळं मोजावं लागत नाही.

सुरुवातीला हाताशी आकडे हवेत म्हणून देतो. स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, एफ/८ आणि शटर १/१६०० ते १/३२०० च्या मध्ये कुठेतरी. आकाश एकसारखं ढगाळ असेल तर आयएसओ १६००, एफ/५.६ आणि १/८०० ते १/१६००. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून सकाळी आणि दुपार कलल्यावर याहून उजेड कमी मिळेल. हे आकडे फक्त सुरुवातीचे. शेवटचा शब्द बर्फावरच्या मोजणीचा.

हे सगळं केल्यावरही फोटो बिघडत असतील, तर पुढच्यापैकी एखादी गोष्ट घडत असण्याची शक्यता जास्त.

घराची किंवा कुंपणाची सावली अंगण अर्धं कापत असेल. ऊन आणि सावली यांत तीन स्टॉपांपर्यंत फरक पडतो, आणि खार ती रेघ सारखी ओलांडते. दोन्हीकडे चालेल असं एक एक्स्पोजर शोधण्यात वेळ घालवू नका. एक बाजू निवडा. कॅमेऱ्यात स्वतःची सेटिंग साठवण्याची सोय असेल तर एका जागी ऊन आणि दुसऱ्या जागी सावली साठवा आणि डायल फिरवा.

तुटक ढग भराभर सरकत असतील तर मॅन्युअल मोड खरंच त्रासदायक होतो. अशा दिवशी हायलाइटला झुकतं माप देणारं (सगळ्यात उजळ भाग जळू न देणारं) मीटरिंग असेल तर ते वापरा. नसेल तर ऑटो आयएसओ आणि +१ कॉम्पेन्सेशन ठेवून रॉमध्ये (सेन्सरची मूळ माहिती साठवणाऱ्या फाइलमध्ये) फोटो काढा, चौकट फार बदलू देऊ नका, आणि थोडी चूक नंतर सुधारावी लागेल हे मान्य करा.

आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. बर्फाच्या लखलखाटात पडदा अंधुक दिसतो, म्हणून आपण उजेड वाढवत जातो. तिन्हीसांजेला तोच पडदा फार उजळ दिसतो, म्हणून कमी करतो. "काल बरोबर दिसलेला फोटो आज संगणकावर काळा निघाला" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख, पाहा. बर्फाचा उंचवटा उजव्या भिंतीजवळ असावा, पण भिंतीला चिकटलेला नसावा. शक्य असेल तर लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही आलेख वेगळे पाहा, कारण सावलीतल्या बर्फात निळा आधी भिंतीला लागतो.

पांढऱ्यावर पांढरा

काही प्राणी हिवाळ्यात स्वतःच पांढरे होतात. स्नोशू हेअर हा ससा, डोंगराळ ससा आणि स्टोट (मुंगसासारखा लांबट छोटा शिकारी प्राणी) ही त्यांतली ओळखीची नावं. यांच्यासाठी बर्फावर लावलेलं एक्स्पोजर एक ते दोन तृतीयांश स्टॉप कमी करा, नाहीतर केसांचा पोत बर्फाबरोबरच उडतो. या प्राण्यांचा रंग दिवसाच्या लांबीनुसार बदलतो, बर्फ पडला की नाही यावर नाही. त्यामुळे बर्फ लवकर वितळला तर तपकिरी जमिनीवर पांढरा ससा बसलेला सापडतो. तेव्हा अडचण नेमकी उलटी होते: मीटर गडद जमीन पाहून एक्स्पोजर वाढवतं आणि ससा जळतो. इथेही उपाय तोच. मॅन्युअल मोड ठेवा आणि मोजणी सशाच्या पांढऱ्या अंगावर करा.

काळ्या रंगाच्या खारी याच्या दुसऱ्या टोकाला असतात. त्यांच्यासाठी ढगाळ दिवसाची वाट पाहणं मला सगळ्यात योग्य वाटतं. ढगांमुळे उजेड मऊ होतो, आणि बर्फावरून वर उसळणारा उजेड पोटाखालची आणि हनुवटीखालची सावली भरून काढतो. गवतावर असं कधी मिळत नाही. बर्फ एक्स्पोजरला छळतो हे खरं, पण खालून येणारा हा उजेड ही त्याचीच देणगी आहे.

निळी झाक

उघड्या आकाशाखालच्या सावलीत बर्फावर पडणारा उजेड आकाशाच्या निळाईतून येतो, म्हणून तिथला बर्फ खरोखरच निळसर असतो. कॅमेऱ्याचं त्यात काही बिघडलेलं नसतं. पण ऑटो व्हाइट बॅलन्सची (पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेरा करतो त्या रंगजुळवणीची) खोड मीटरसारखीच आहे: फ्रेममध्ये काय आहे यावरून तो दर फोटोला वेगळं ठरवतो. नुसता बर्फ असेल तर एक रंग, तपकिरी ससा मोठा आला की दुसरा. एकाच मालिकेतले लागोपाठचे फोटो एक निळा, एक पिवळट दिसतात ते यामुळे. केल्विनचा (उजेडाच्या रंगाच्या मापाचा) आकडा हाताने ठरवून द्या. उन्हात ५२०० ते ५५००, ढगाळ हवेत ६००० ते ६५००, सावलीत ७००० ते ८०००. रॉमध्ये काढत असाल तर हे नंतरही करता येतं, पण पूर्ण मालिकेला एकच आकडा द्या. सावलीतली निळाई पूर्ण पुसू नका. थोडी राहिली तर थंडी खरी वाटते, पुसून टाकली की प्राण्याच्या अंगावर पिवळेपणा चढतो.

फोकस: पडणारा बर्फ आणि साडेतीन सेंटीमीटर

एक हिशेब डोक्यात असू द्या. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ४०० मिलिमीटर लेन्स, एफ/५.६ आणि चार मीटरवर खार: पुढून मागपर्यंत स्वच्छ दिसणारा पट्टा जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर मिळतो. नाकावर फोकस बसला तर कान गेले, शेपटीचं तर विचारूच नका. एफ/८ केलं तरी पाच सेंटीमीटरच्या आतच. म्हणून "प्राणी छोटा आहे, जवळून काढला, तरी धूसर" या तक्रारीत लेन्सचा दोष क्वचितच असतो. फोकस डोळ्यावर हवा आणि प्राण्याची बाजू कॅमेऱ्याला समांतर हवी. या दोन गोष्टी साधल्या तर बाकीचं धूसर असूनही फोटो टिकतो.

बर्फ पडत असताना वेगळाच त्रास. मधेच एखादा कण लेन्ससमोरून जातो आणि फोकस त्याच्यामागे धावतो. फोकसची ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी कमी करा, म्हणजे मधे काही आलं तरी कॅमेरा लगेच लक्ष्य बदलणार नाही. फोकस क्षेत्र लहान ठेवा. सगळ्या फ्रेमभर फोकस शोधायला सांगितलं तर तो सगळ्यात जवळच्या बर्फाच्या कणालाच पसंती देतो. लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर प्राण्यापेक्षा जवळचं अंतर त्याने बंद करता येतं का ते पाहा. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दिलं तर आणखी सोपं होतं. खार खायला बसली की एकदा फोकस लावायचा, बटण सोडायचं आणि नुसते फोटो घेत राहायचं. प्राण्यांचा डोळा ओळखणारी सोय उपयोगी आहे, पण दाट बर्फवृष्टीत ती चुकते. दोन-तीनदा चुकली की बंद करून एकच बिंदू घ्या.

पांढऱ्या प्राण्यावर फोकस पुढेमागे हेलकावत राहतो, कारण पकडायला काळं-पांढरं काही सापडत नाही. तिथे बिंदू डोळ्यावर न्या. स्नोशू हेअरच्या कानांची टोकं काळी असतात, स्टोटच्या शेपटीचं टोक काळं असतं. शेपटी डोळ्याच्या अंतरावर नसते, म्हणून तिचा उपयोग प्राणी आडवा उभा असेल तेव्हाच.

शटरचं थोडक्यात. बसून खाणारी खार १/५०० ला चालते, जरी तिचे जबडे आणि पुढचे पाय आपल्याला वाटतात त्याहून जलद हलत असले. उडी आणि धाव यांसाठी १/१६०० च्या पुढे. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, खारीची हालचाल नाही. पडणाऱ्या बर्फाच्या रेघा हव्या असतील तर १/६० च्या आसपास जा, आणि खार स्तब्ध असेल तेव्हाच. फ्लॅश नको. तो लेन्सजवळच्या कणांवर पडून फ्रेमभर मोठे पांढरे गोळे उमटवतो, आणि अंधारात वावरणाऱ्या प्राण्यांना त्याचा त्रास होतो.

सगळं बरोबर, तरीही फोटो मऊ (धूसर)

या तक्रारीवर लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. लेन्स बदलतात, दुरुस्तीला पाठवतात, ट्रायपॉड नवा घेतात. कारण बहुतेक वेळा हवा असते.

ऊबदार खोलीची खिडकी उघडली की आतली गरम हवा बाहेर जाते, बाहेरची गार हवा आत येते आणि दोन्ही लेन्सच्या तोंडासमोरच मिसळतात. तापमान वेगळं असलं की हवेतून प्रकाश वळण्याचं प्रमाणही वेगळं असतं, त्यामुळे तिथे न दिसणारी लहर तयार होते. लांब लेन्समधून ती लहर मोठी होऊन फोटोत उतरते. डोळ्याला काहीच जाणवत नाही, फोटोत मात्र केस सारवल्यासारखे दिसतात. दुसरा प्रकार कमी ओळखीचा: घरातून गरम लेन्स बाहेर नेली की तिच्या हूडमध्ये (पुढे लावायच्या नळकांड्यात) ऊबदार हवा अडकते आणि तीच लहर हूडच्या आतच तयार होते. पहिल्या अर्ध्या तासातले फोटो मऊ आणि नंतरचे तीक्ष्ण असा अनुभव असेल तर कारण हेच. उन्हाने तापलेला फरसबंद रस्ता किंवा छपराची कड मधे असेल तर तिच्यावरूनही लहर उठते.

ओळखायचं कसं? प्राणी नसताना त्याच्या अंतरावरच्या एखाद्या फांदीवर फोकस लावा, कॅमेरा आधारावर ठेवा, शटर १/२००० च्या पुढे न्या आणि फोकस न बदलता लागोपाठ दहा-बारा फोटो घ्या. मोठे करून पाहा. एक फोटो तीक्ष्ण, दुसरा मऊ, तिसरा अर्धवट असं दिसलं तर दोष हवेचा. सगळे एकसारखे मऊ असतील तर फोकस चुकला आहे किंवा मधली काच आड येते आहे. सगळे एकाच दिशेने ओढल्यासारखे असतील तर आधार हलतो आहे. ही तपासणी करायला पाच मिनिटं लागतात. ती केल्याशिवाय लेन्सला दोष देऊ नका, अशी माझी अगदी मनापासून विनंती आहे.

हवेचा दोष निघाला तर खोली गार करा. हीटर बंद, खोलीचं आतलं दार बंद, खिडकी उघडून अर्धा तास वाट. आतलं-बाहेरचं तापमान जवळ आलं की लहर थांबते. नाहीतर स्वतः बाहेर जा, लेन्स बाहेर गार होऊ द्या आणि सुरुवातीला हूड काढून ठेवा. जेरिको, व्हरमाँट (अमेरिका) इथल्या विल्सन बेंटलीने १५ जानेवारी १८८५ रोजी बर्फाच्या स्फटिकाचा सूक्ष्मदर्शकातून पहिला फोटो घेतला, तेव्हा त्याचं सगळं साहित्य न तापवलेल्या जागेत, बाहेरच्याइतक्याच थंडीत होतं. त्याला स्फटिक वितळू द्यायचा नव्हता, आपल्याला हवा हलू द्यायची नाही. दोन्हीसाठी कॅमेरा आणि दृश्य एकाच तापमानात असणं फायद्याचं.

बाहेर जाणं शक्य नसेल तर खिडकी पूर्ण बंद ठेवून काचेतून काढा. अर्धवट उघडी खिडकी सगळ्यात वाईट. काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ हवी, खोलीतले दिवे बंद हवेत, आणि लेन्स काचेला जवळजवळ टेकलेली आणि काटकोनात हवी. दुहेरी काचेतून तिरकं पाहिलं तर प्रत्येक कडेला एक फिकट दुसरी कड दिसते. ती नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही. रबराचं मऊ हूड काचेला टेकवलं तर प्रतिबिंबही जातं आणि हातालाही आधार मिळतो. काचेमुळे येणारी हलकी हिरवट छटा व्हाइट बॅलन्समध्ये सुधारता येते.

बॅटरी आणि दव

थंडीत लिथियम-आयन बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि ती संपल्यासारखी दाखवते. संपलेली नसते. दुसरी बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवा, अदलाबदल करत राहा. गार झालेली ऊब मिळाल्यावर पुन्हा चालते. शून्याखालच्या तापमानात ती चार्ज मात्र करू नका, कायमची खराब होते.

आत येताना कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा, मेमरी कार्ड आधी काढून घ्या. दव पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही. मोठ्या लेन्सला खोलीच्या तापमानाला यायला तास-दोन तास लागतात, तोवर पिशवी उघडायची नाही. लेन्सवर बसलेला बर्फ फुंकर मारून घालवू नका. श्वासाची वाफ काचेवर गोठते. मऊ ब्रशने झटका. व्ह्यूफाइंडरही याच श्वासाने धुरकटतो, म्हणून फोटो घेताना श्वास बाजूला सोडायची सवय लावा.

ट्रॅप कॅमेरा लावला, तर

रात्री येणाऱ्या प्राण्यांसाठी ट्रॅप कॅमेरा (प्राणी समोर आला की आपोआप फोटो घेणारा) चांगला, पण छोट्या प्राण्यांच्या बाबतीत दोन तक्रारी हमखास येतात. पहिली, फोटो धूसर. या कॅमेऱ्यांचा फोकस बहुधा कायमचा ठरलेला असतो आणि दीड-दोन मीटरच्या अलीकडे तो पोचत नाही. कॅमेरा मागे घ्या किंवा लेन्ससमोर क्लोज-अप भिंग बसवा. दुसरी, रात्रीचा फोटो पांढराफटक. इन्फ्रारेड दिव्यांचा उजेड जवळच्या बर्फावरून थेट परत येतो. काही दिव्यांवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली की तो आटोक्यात येतो. सेन्सर हलती उष्णता ओळखतो, म्हणून प्राणी कॅमेऱ्याच्या दिशेने येण्याऐवजी समोरून आडवा जाईल अशी दिशा ठेवा. अल्कलाइन सेल थंडीत लवकर हात टेकतात. एकदा वापरायचे लिथियम सेल उणे ४० अंशांपर्यंत चालतात.

प्राणी थांबतच नाही

कडाक्याच्या थंडीत छोट्या प्राण्याला दिवसभरात मिळालेली ऊर्जा रात्र काढायला पुरवायची असते. दर वेळी पळायला लावलं तर ती ऊर्जा तुमच्या फोटोवर खर्च होते. म्हणून पाठलाग नको, बिळाजवळ जाणं नको, आणि सशाने कान ताठ करून हालचाल थांबवली की तुम्हीही थांबायचं. एका जागी लवकर जाऊन बसणं हाच उपाय. ताजा बर्फ आवाज शोषतो, परिसर शांत असतो आणि शटरचा खटका त्यात उठून येतो. कॅमेऱ्यात मूक शटर असेल तर इथे त्याचा खरा उपयोग आहे, फक्त धावत्या प्राण्याचा आकार त्यात तिरका येऊ शकतो. बसण्याच्या जागेपर्यंत एकच वाट वापरा. इकडेतिकडे उमटलेले बुटांचे ठसे पार्श्वभूमी बिघडवतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बर्फ आणि जमीन यांच्यामधल्या पोकळीत व्होल (उंदरासारखे छोटे प्राणी) आणि चिचुंदऱ्या हिवाळा काढत असतात. तिथलं तापमान शून्याच्या आसपास टिकून असतं. आपल्या पायाखाली ती पोकळी दबते.

खाऊ टाकायचा की नाही यावर माझं मत सावध आहे. काही ठिकाणी नियमाने बंदी असते, ती आधी पाहा. परवानगी असली तरी एकाच जागी रोज खाऊ टाकला तर प्राण्यांची गर्दी होते, आजार पसरतात आणि मांजर किंवा ससाण्याला शिकारीची जागा आयती मिळते. झाडोऱ्याच्या अगदी जवळ, थोडं, मीठ नसलेलं, आणि जागा बदलत, एवढंच मला पटतं.

आधीच काळपट आलेल्या फोटोंचं काय

रॉ फाइल असेल तर आशा आहे. आधी व्हाइट बॅलन्स ठरवा, आणि तो उन्हातल्या बर्फावरून घ्या. सावलीतल्या बर्फावरून घेतला तर सगळा फोटो पिवळा होतो. मग पूर्ण फोटोचं एक्स्पोजर बर्फाचा उंचवटा उजवीकडे जाईपर्यंत वाढवा, नुसत्या सावल्या उचलू नका. नुसत्या सावल्या उचलल्या तर खार उजळते पण बर्फ राखाडीच राहतो आणि फोटो कृत्रिम दिसतो. दोन स्टॉप वाढवल्यावर करड्या केसांत दाणे दिसतील. नॉइज कमी करताना डोळ्याभोवतीचा भाग वगळा, नाहीतर पापणीचे केसही पुसले जातात. जेपीईजी असेल तर एका स्टॉपच्या आसपास थांबा. त्यापुढे सावल्यांत पट्टे पडतात. बर्फ पूर्ण जळलेली जेपीईजी परत येत नाही, कारण तिथे माहितीच उरलेली नसते.